विश्लेषण : डार्विनचा सिद्धांत गल्लीबोळांत नेणारे पॅट्रिक गेडिस कोण होते? मुंबईशी त्यांचे नाते काय?

मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेल्या, साठी उलटलेल्या स्कॉटिश गृहस्थांकडे समाजशास्त्राची पदवी नव्हती. तसे पाहिले तर त्यांच्याकडे कुठल्याच विषयाची पदवी नव्हती. त्याआधीची तीस वर्षे ते स्कॉटलंडमधील डंडी येथे वनस्पतिशास्त्र शिकवत होते. भारतात आल्यावर त्यांनी डझनावारी शहरांचे अहवाल लिहिले आणि पाडापाडीला निघालेल्या अभियंत्यांशी ठिकठिकाणी वाद घातले.

त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. नगररचनेच्या विद्यार्थ्यांना ते पहिल्याच वर्षी भेटतात. पण त्यांच्या नगररचनेचे मूळ वास्तुशास्त्रात नाही, डार्विनच्या उत्क्रांतिवादात आहे. पुनर्विकासाच्या नावाखाली पाडायचे किती आणि राखायचे किती, हा प्रश्न आज मुंबई-पुण्यातल्या प्रत्येक जुन्या वस्तीपुढे आहे. गेडिस यांनी तो शंभर वर्षांपूर्वी जीवशास्त्राच्या अंगाने सोडवायचा प्रयत्न केला होता.

उत्क्रांतिवादाचा आणि डिझाइनचा संबंध काय?

विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८०२ मध्ये एक युक्तिवाद मांडला. माळरानावर घड्याळ सापडले तर ते कुणी तरी घडवले असणार, हे आपण लगेच ओळखतो. मग घड्याळाहून कितीतरी गुंतागुंतीचा डोळा घडवणारा कुणी नाही, असे कसे म्हणता येईल? रचना आहे म्हणजे रचनाकार आहे, हा त्याचा सारांश. केंब्रिजमध्ये शिकताना डार्विनने पेली वाचला होता आणि त्या काळात त्याला तो पटलाही होता.

१८५९ मध्ये डार्विनचे 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' आले आणि हा धागा तुटला. पिढ्यानपिढ्या होणारे बारीक बदल, त्यांतून परिस्थितीला जुळणाऱ्यांचे टिकणे, न जुळणाऱ्यांचे गळणे आणि भरपूर वेळ. एवढ्या सामग्रीवर डोळा तयार होऊ शकतो, त्यासाठी आधी कागदावर आराखडा लागत नाही. धर्मोपदेशकांना हा धक्का होताच. पण तत्त्वज्ञ आणि लेखकांनाही त्याचा विचार करणे भाग पडले. थॉमस हार्डीच्या कादंबऱ्यांतला निसर्ग माणसाच्या सुखदुःखाविषयी पूर्ण बेफिकीर दिसतो, त्यामागे डार्विनचे वाचन आहे.

हर्बर्ट स्पेन्सरने उत्क्रांतीचे सामाजिक तत्त्वज्ञानच उभे केले. 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' हा शब्दप्रयोग डार्विनच्या नावावर खपतो, पण तो मूळचा स्पेन्सरचा आहे. डार्विनने तो नंतर उचलला. स्पेन्सरच्या मते समाजही आपसूक उत्क्रांत होतो. सरकारने दुबळ्यांना हात देऊन त्यात लुडबुड करू नये.

या सगळ्यात एक गोष्ट मोकळी राहिली. निसर्गात रचनाकार नसेल, तर ज्यांचे पोट रचना करण्यावरच चालते त्यांनी काय करायचे? रस्ते आखणारा, घरे बांधणारा, शहराचा नकाशा काढणारा माणूस शहर 'निर्माण' करतो की आधीच वाढत असलेल्या गोष्टीत हात घालतो? गेडिस यांचे आयुष्य या प्रश्नामागे गेले.

जीवशास्त्रज्ञ शहरांकडे कसा वळला?

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. पर्थ या गावाजवळच्या टेकडीवर त्यांचे घर होते आणि घराला बाग होती. मुलाने बँकेत नोकरी धरावी, अशी घरच्यांची इच्छा होती. ती त्याने काही काळ केलीही. नंतर वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी एडिनबरा विद्यापीठात नाव घातले आणि आठवडाभरात सोडले. वाळवलेल्या पानाफुलांना नावे देत बसण्यात त्याला रस नव्हता. लंडनला जाऊन तो थॉमस हक्सले यांच्या हाताखाली शिकू लागला. डार्विनच्या बाजूने जाहीर वाद घालण्यात हक्सले सर्वांत पुढे होते.

लंडनच्या प्रयोगशाळेत एकदा खुद्द डार्विन आले. गेडिस तेव्हा तिथे कामाला होते. सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे जीव पाहून म्हातारे डार्विन लहान मुलासारखे हरखून गेले. ही आठवण गेडिस पुढे आयुष्यभर सांगत.

त्यांच्या विचाराला दिशा मिळाली ती मात्र समुद्रकिनाऱ्यावर. फ्रान्समधील रॉस्कॉफ येथे एक छोटा हिरवा चपटा किडा आढळतो. ओहोटी लागली की तो वाळूवर येऊन उन्हात पडतो. प्राणी असून हिरवा कसा? गेडिस यांनी तपासले तेव्हा उन्हात तो झाडाप्रमाणे प्राणवायू सोडतो असे दिसले. पुढे त्यांनी इटलीतील नेपल्स येथे समुद्री जीवांमधल्या पिवळ्या पेशींवर काम केले. या पेशी म्हणजे प्राण्याच्या शरीरात राहणारी शेवाळे आहेत आणि या शेजाराचा दोघांनाही फायदा होतो, अशी मांडणी त्यांनी केली. आज याला आपण सहजीवन म्हणतो. उत्क्रांती म्हणजे फक्त नखे-दातांची लढाई, हे त्या काळातले चित्र होते. गेडिस यांनी स्वतःच्या डोळ्यांनी त्याहून वेगळे काही पाहिले होते.

डोळ्यांवरच पुढे संकट आले. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असताना त्यांची दृष्टी गेली. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपताना त्यांना एक युक्ती सुचली. कागदाला घड्या घालायच्या, प्रत्येक चौकोनात एक कल्पना ठेवायची आणि त्यांचे परस्परांशी नाते जुळवायचे. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे कठीण झाले. कागदाच्या घड्या कायमच्या मागे लागल्या. पुढे त्यांच्या व्याख्यानांत या चौकोनी तक्त्यांचा इतका सुळसुळाट झाला की श्रोते गोंधळून जात.

स्पर्धा की सहकार्य?

उत्क्रांतीतून माणसाने काय धडा घ्यायचा, यावर तेव्हा रणे माजली होती. हक्सले यांनी उतारवयात असे मांडले की निसर्गाची रीत क्रूर आहे आणि नीतीने वागायचे तर माणसाला तिच्या विरुद्ध जावे लागेल. रशियन विचारवंत क्रोपोटकिन यांनी गुरांचे कळप, पक्ष्यांचे थवे आणि मध्ययुगीन गावांचे दाखले देत परस्पर साहाय्य हीदेखील उत्क्रांतीचीच शक्ती असल्याचे सांगितले. गेडिस या दुसऱ्या बाजूला होते.

जे. आर्थर थॉमसन यांच्यासह त्यांनी १८८९ मध्ये 'द इव्होल्यूशन ऑफ सेक्स' लिहिले. त्यात संगोपन, प्रेम आणि सहकार्य यांना उत्क्रांतीत मोठे स्थान दिले आहे. मात्र हेच पुस्तक आज वाचताना कपाळाला आठी पडते. नराची प्रकृती ऊर्जा खर्च करण्याची, मादीची साठवण्याची, असे सूत्र मांडून लेखकांनी स्त्री-पुरुषांच्या सामाजिक भूमिकाही जवळजवळ निसर्गसिद्ध ठरवून टाकल्या. स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ चालू असताना या मांडणीचा उपयोग कोणाला होणार, हे उघड होते. स्पेन्सरने समाजावर जीवशास्त्र लादले, तीच चूक गेडिसही वेगळ्या मार्गाने करत होते.

दोन वाटा कुठे फुटतात, हे लंडनच्या सोशिऑलॉजिकल सोसायटीत १९०४ मध्ये दिसले. मे महिन्यात तिथे डार्विनचे मावसभाऊ शोभतील इतके त्याचे नाव घेणारे, नात्याने खरोखरच भाऊ लागणारे फ्रान्सिस गाल्टन यांनी 'युजेनिक्स'वर निबंध वाचला. चांगल्या वंशाच्या माणसांची पैदास वाढवावी, हा त्याचा गाभा. जुलैमध्ये त्याच व्यासपीठावर गेडिस यांनी नागरिकशास्त्रावर निबंध वाचला. माणूस सुधारायचा तर त्याचा परिसर सुधारा, असा त्याचा रोख होता. मूळ सिद्धांत दोघांचाही एकच. एकाने माणसांची निवड करायचे ठरवले, दुसऱ्याने गल्ल्या झाडायला घेतल्या.

एडिनबरामध्ये त्यांनी नेमके काय केले?

गल्ल्या झाडणे हा इथे अलंकार नाही. १८८६ मध्ये त्यांचे ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाले. त्यानंतर हे जोडपे एडिनबराच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या गजबजलेल्या, कळकट चाळवजा इमारतीत राहायला गेले. श्रीमंतांनी हा भाग कधीच सोडला होता. गेडिस दांपत्याने शेजाऱ्यांना गोळा करून भिंतींना चुना लावला, कचरा उपसला, खिडक्यांत कुंड्या ठेवल्या आणि मोडकी बांधकामे काढून जिथे मोकळी जागा मिळाली तिथे लहान बागा केल्या. सगळी वस्ती पाडा, अशी मागणी त्यांनी केली नाही. विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली वसतिगृहेही त्यांनी याच भागात उभी केली. पैसा बराचसा उसनवारीचा होता आणि हिशेबाच्या नावाने आनंदच होता. घर चालवण्याची सगळी ओढाताण ॲना यांच्या वाट्याला आली.

१८९२ मध्ये त्यांनी एक जुना मनोरा घेऊन त्याचे 'आउटलुक टॉवर' असे संग्रहालय केले. पाहुण्यांना आधी थेट वर नेले जाई. तिथे भिंगे आणि आरसा यांच्या मदतीने भोवतालच्या शहराचे हलते चित्र एका टेबलावर पडत असे. मग जिना उतरत एकेका मजल्यावर एडिनबरा, स्कॉटलंड, इंग्रजी भाषिक देश, युरोप आणि शेवटी जग. आधी आपले शहर पाहायचे आणि तिथून जगाकडे जायचे, असा हा क्रम.

साहित्यातही त्यांनी हात घातला. १८९५ पासून 'द एव्हरग्रीन' या नावाने ऋतूंवर बेतलेले चार अंक निघाले. स्कॉटिश आणि केल्टिक कविता, कथा, चित्रे आणि त्यांच्याच जोडीला जीवशास्त्रावरचे लेख, अशी त्यात सरमिसळ होती. ऱ्हास आणि वैफल्याची फॅशन असलेल्या त्या दशकात गेडिस यांनी पानगळीनंतर पालवी येते, ही वनस्पतिशास्त्रातली साधी गोष्ट साहित्याला लागू करून पाहिली. अंक मोजकेच निघाले, पण स्कॉटलंडच्या वाङ्मयीन पुनरुज्जीवनाच्या इतिहासात त्यांची नोंद होते.

डंडीच्या ज्या महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, तिथेच डार्सी थॉम्पसन प्राणिशास्त्र शिकवत होते. शिंपले, हाडे, पाने यांचे आकार गणित आणि बले यांतून कसे घडतात हे सांगणारे त्यांचे १९१७ चे पुस्तक वास्तुरचनाकार आजही वाचतात. एका छोट्या महाविद्यालयातले दोन जीवशास्त्रज्ञ डिझाइनच्या जगाला दोन टोकांनी वळण देत होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

जीव, त्याचे कार्य आणि त्याचा परिसर या जीवशास्त्रातल्या त्रयीला फ्रेंच समाजअभ्यासक ल प्ले यांच्या विचारांची जोड देऊन गेडिस यांनी आपले सूत्र बनवले : माणसे, काम, स्थळ. डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या खोऱ्याचा एक छेद ते काढून दाखवत. वर खाणकामगार आणि लाकूडतोडे, मग शिकारी, मेंढपाळ, शेतकरी, माळी आणि किनाऱ्याला कोळी. जमिनीने काम घडवले आणि कामाने माणसे. सह्याद्रीच्या माथ्यावरून घाट उतरून कोकणात गेलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. म्हणूनच आराखड्याआधी पाहणी, उपचाराआधी निदान, हा त्यांचा पहिला नियम होता. १९१५ च्या 'सिटीज इन इव्होल्यूशन' या पुस्तकात त्यांनी एकमेकांत मिसळत जाणाऱ्या शहरांसाठी 'कॉनर्बेशन' हा शब्द घडवला. मुंबई-ठाणे-कल्याणच्या वाचकाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

भारतात येण्याचे कारण काय?

त्यांचे शहरांविषयीचे मोठे प्रदर्शन युरोपात गाजले होते. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी ते भारतात आणण्याचे निमंत्रण दिले. १९१४ मध्ये गेडिस आणि थोरला मुलगा अलास्डेर भारतात आले. प्रदर्शनाचे सामान 'क्लॅन ग्रँट' या जहाजावर होते. महायुद्ध सुरू झाले होते आणि हिंदी महासागरात धुमाकूळ घालणाऱ्या 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले. आयुष्यभराचे नकाशे, चित्रे, तक्ते समुद्राच्या तळाशी गेले. मित्रांनी मायदेशात पुन्हा साहित्य जमवून पाठवले आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासमध्ये प्रदर्शन उघडले.

भारतात तेव्हा शहर सुधारणेचा एक ठरलेला साचा होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्यांतून समुद्राचे वारे खेळावे म्हणून दाट भागांतून रुंद, सरळ रस्ते काढण्यात आले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्यातली ठळक उदाहरणे. घरे पडली, पण त्यांतली माणसे कुठे जाणार? ती शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत गेली. गर्दी संपली नाही, फक्त सरकली. इतर शहरांतही अभियंते नकाशावर पट्टी ठेवून चौकटी आखत होते.

गेडिस यांची पद्धत वेगळी होती. ते भल्या पहाटे नकाशा घेऊन निघत आणि दिवसभर वस्तीत पायी फिरत. कुठले घर पडीक आहे, कुठे विहीर आहे, कुठे पार, कुठे देऊळ, बायका कुठून पाणी आणतात, मुले कुठे खेळतात याच्या खुणा करत. इतके पाहिल्यावर बहुतेक वेळा असे दिसे की मोजकी मोडकी घरे काढली आणि दोन-तीन बोळ जोडले तरी हवा, उजेड आणि चौक मिळतो. उरलेली वस्ती जागेवर राहते. खर्चही चौकटी आखण्यापेक्षा पुष्कळ कमी येतो. याला त्यांनी नाव दिले 'कन्झर्व्हेटिव्ह सर्जरी'. म्हणजे वाचवता येईल तेवढे वाचवून केलेली शस्त्रक्रिया. यात डार्विन कुठे आहे? वाकडा बोळ कुणी मूर्खपणाने काढलेला नाही, पिढ्यांच्या वापरातून तो तसा झाला आहे, हे गृहीत धरण्यात आहे. बदल करण्यापूर्वी त्याचे कारण शोधायचे.

तळ्यांचे उदाहरण घ्या. डास होतात म्हणून तळी बुजवा, असा आरोग्य खात्याचा आग्रह असे. गेडिस म्हणत, तळ्यात मासे सोडा, बदके ठेवा, ती अळ्या खातील. तळे उन्हाळ्यात हवा थंड ठेवते आणि पावसाळ्यात पाणी सामावून घेते. दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या शहरांतल्या वाचकांना हे आज फार पटेल. त्या काळी अनेक अधिकाऱ्यांना तो विक्षिप्तपणा वाटला. नवी दिल्ली आखणारे ल्युटेन्स यांनी तर खासगी पत्रांत त्यांच्यावर तोंडसुख घेतले.

१९१५ मध्येच मुंबई प्रांतात नगररचनेचा कायदा आला. भारतातला अशा प्रकारचा तो पहिला. त्याच वर्षी गेडिस यांनी या प्रांतातील सहा शहरांच्या फेररचनेवर अहवाल दिला. पुढे बडोदा, लखनौ, लाहोर, ढाका, कपूरथळा, कोलंबो अशी यादी वाढत गेली. यातले बरेचसे कागदावरच राहिले.

आक्षेपही घ्यायला हवा. जुन्या वस्तीची वीण जपायची म्हणताना त्या विणीत जातीची उतरंडही असते. कुणाचे घर विहिरीजवळ आणि कुणाचे वेशीबाहेर, हे केवळ हवामानाने ठरलेले नसते. गेडिस यांच्या अहवालांत परंपरेविषयीचे कौतुक जास्त आणि ही बाजू कमी आहे.

इंदूरच्या दिवाळीत काय घडले?

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी फार वाईट होते. अलास्डेर भारतातून परत जाऊन सैन्यात दाखल झाला होता. एप्रिलमध्ये तो फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. तार आली तेव्हा ॲना भारतातच गंभीर आजारी होत्या. गेडिस यांनी त्यांना काही कळू दिले नाही. मुलाची आधी आलेली पत्रे ते त्यांना वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये ॲना गेल्या. दोन महिन्यांत घर रिकामे झाले.

यानंतर ते होळकरांच्या इंदूरला आले. शहरात प्लेग होता. लोक साहेबाला पाहून दारे लावून घेत, कारण नकाशा घेऊन फिरणारा साहेब म्हणजे घर पाडणारा, एवढेच त्यांना माहीत होते. गेडिस यांनी महाराजांकडून एका दिवसापुरता कारभार मागून घेतला, असे सांगितले जाते. दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, जो भाग सर्वांत स्वच्छ असेल त्या भागातून जाईल, अशी दवंडी पिटली गेली. कचरा फुकट उचलून नेला जाईल, असेही जाहीर झाले. मग काय, घरोघर झाडलोट, चुना, डागडुजी सुरू झाली. उंदीर पकडण्याची मोहीम निघाली.

मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच. त्यामागे मोडक्या घरांचे देखावे, अक्राळविक्राळ राक्षस, मोठे केलेले डास आणि प्लेगचा भलाथोरला उंदीर. त्यांच्यानंतर नव्या कपड्यांतले सफाई कामगार, धुतलेल्या गाड्या, शिंगे रंगवलेले बैल. ज्यांची सावली टाळली जात होती त्यांचे लोकांनी रस्त्यात स्वागत केले. मग लक्ष्मी, तिच्यामागे इंदूर नगरीची एक नवीच देवता, शेवटी फुले-फळे आणि वाटण्यासाठी तुळशीची रोपे. रात्री राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले.

प्लेगचा हंगाम तसाही ओसरत होता, त्यामुळे श्रेय किती द्यायचे हा प्रश्न राहतो. पण शहरातली दारे उघडली आणि गेडिस यांना पाहणी करता आली. त्यांचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये आला. स्वच्छ शहरांच्या सर्वेक्षणात इंदूरचा क्रमांक २०१७ पासून सलग अनेक वर्षे पहिला आला. त्याचा गेडिस यांच्याशी थेट संबंध जोडणे ओढूनताणून होईल. त्या दिवाळीची आठवण मात्र त्यानिमित्ताने निघते.

मुंबई विद्यापीठात त्यांनी काय मागे ठेवले?

वक्ता म्हणून गेडिस यांची ख्याती फारशी बरी नव्हती. ते दाढीत पुटपुटत आणि एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारत. मुंबईत ते १९२४ पर्यंत होते, मधूनमधून दौऱ्यांवर. जेरुसलेमच्या विद्यापीठाचा आराखडा, शांतिनिकेतनसाठी टागोरांशी चर्चा, जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र, हे सर्व याच काळातले.

त्यांच्या वर्गात मालवणहून आलेला, संस्कृत शिकलेला एक तरुण बसत असे. मुंबई शहरावर त्याने लिहिलेला निबंध गेडिस यांना आवडला आणि त्यांनी त्याची इंग्लंडमधील शिक्षणासाठी शिफारस केली. हे गोविंद सदाशिव घुर्ये. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आल्यावर १९२४ मध्ये त्यांनी हाच विभाग हाती घेतला आणि भारतीय समाजशास्त्राच्या दोन पिढ्या घडवल्या. गुरूची नगररचना त्यांनी पुढे नेली नाही. त्यांचा ओढा ग्रंथ, जाती आणि संस्कृतीच्या इतिहासाकडे होता.

घुर्ये यांच्या विद्यार्थ्यांत इरावती कर्वे होत्या. इथे १९०४ च्या त्या दोन वाटा पुन्हा एकमेकींना भेटतात. इरावतीबाई पुढे बर्लिनला गेल्या त्या ऑइगेन फिशर या युजेनिक्सच्या कट्टर पुरस्कर्त्याकडे, म्हणजे गाल्टन यांच्या वाटेवरच्या माणसाकडे. कवट्यांच्या मापांतून वंशाचे श्रेष्ठत्व दिसावे, अशी तिथली अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मापे घेतली आणि तसा संबंध सापडत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात लिहिला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी मानवशास्त्राचे काम उभे केले. महाभारतातल्या माणसांकडे अवताराच्या चष्म्यातून न पाहता माणसे म्हणून पाहणारे त्यांचे 'युगान्त' १९६७ मध्ये आले आणि त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हक्सले, गेडिस, घुर्ये, कर्वे ही गुरुशिष्यांची साखळी आहे. प्रत्येक कडीने आधीच्या कडीशी भांडणही केले.

अखेरची वर्षे

प्रकृती ढासळल्याने १९२४ मध्ये गेडिस यांनी भारत सोडला आणि दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे विद्यार्थ्यांसाठी नवे वसतिगृह बांधायला घेतले. सवयीप्रमाणे पैसे नव्हतेच. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा केला. लहान ठोकळ्यांची घरे, मध्ये सामाईक बागा, चालण्याजोगे रस्ते. त्यांच्या कामांपैकी इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात उतरलेला हा एकच. त्यावर उभा राहिलेला 'व्हाइट सिटी' हा भाग २००३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

अमेरिकेतील लेखक लुईस ममफर्ड स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवत. १९२३ मध्ये न्यूयॉर्कला पहिली भेट झाली तेव्हा गेडिस यांना त्या तरुणात अलास्डेर दिसला आणि त्याने आपल्या मुलाची जागा घ्यावी, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली. ममफर्ड अवघडले. ते सोबत गेले नाहीत, गेडिस यांच्या अर्धवट कागदांचे संपादनही त्यांनी केले नाही. पण शहरांच्या इतिहासावरील त्यांच्या पुस्तकांतून गेडिस यांचे विचार जगभर पोहोचले. आपल्या मुलाचे नाव त्यांनी गेडिस ठेवले.

आधी एकदा नाकारलेला 'सर' हा किताब गेडिस यांनी १९३२ मध्ये स्वीकारला. त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले. मुंबई प्रांतातील सहा शहरांवरचा त्यांचा १९१५ चा अहवाल महाराष्ट्र सरकारने १९६५ मध्ये पुन्हा छापला.